कॉलेज हॉकीच्या क्रमवारीत वजन संघाचे की कॉन्फरन्सचे?

प्रश्न

अमेरिकेतील कॉलेज आइस हॉकीच्या क्रमवारीबद्दल एक शंका बरेच दिवस मनात आहे. २०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेतील १६ संघांपैकी सहा संघ हॉकी ईस्ट या पूर्वेकडील एकाच कॉन्फरन्सचे (आपसात बहुतेक सामने खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचे) होते, तर एनसीएचसी या दुसऱ्या कॉन्फरन्सचे केवळ दोन, डेन्व्हर आणि वेस्टर्न मिशिगन. प्रत्यक्षात हे दोन्ही संघ शेवटच्या चारांत पोहोचले आणि अंतिम सामन्यात वेस्टर्न मिशिगनने हॉकी ईस्टच्या बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ असे हरवले. २०१६ पासून २०२५ पर्यंत झालेल्या नऊ स्पर्धांपैकी (२०२० ची रद्द झाली) सात विजेतेपदे एनसीएचसीकडे गेली आहेत. मग संघांची क्रमवारी लावणाऱ्या पोलमध्ये मत देणारे लोक पूर्वेकडील संघांना झुकते माप देतात, असे म्हणावे काय?

पहिले उत्तर

येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पोलमध्ये प्रशिक्षक आणि पत्रकार मते देतात. पहिल्या क्रमांकाला २० गुण, दुसऱ्याला १९, असे करत विसाव्याला एक. मात्र या पोलच्या आधारे स्पर्धेत कोणालाही जागा मिळत नाही. सहा जागा सहा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना जातात आणि उरलेल्या दहा आकडेमोडीने ठरतात. २०२५ पर्यंत ही आकडेमोड पेअरवाइज पद्धतीची (संघांची दोन-दोन करून तुलना करणारी) होती, २०२५-२६ पासून तिची जागा एनपीआय या दुसऱ्या गणिती पद्धतीने घेतली. त्यामुळे हॉकी ईस्टला सहा जागा मिळाल्या त्या मतदारांच्या मेहेरबानीने नव्हेत. पोलचे दोष निराळे आहेत आणि मला ते खटकतात: अव्वल संघाच्या मैदानावर एका गोलने हरलेला संघ खाली घसरतो आणि दुबळ्या संघाला दोनदा हरवणारा वर चढतो.

दुसरे उत्तर

वरील खुलासा योग्य आहे; पण कॉन्फरन्सला झुकते माप मिळते ही शंकाही निराधार नाही. पेअरवाइजचा कणा असलेल्या आरपीआय या आकड्यात संघाच्या स्वतःच्या विजयांचा वाटा २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांचा २१ टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचा तब्बल ५४ टक्के होता. आता असे पाहा की, एनसीएचसीमधील संघ सुमारे ३४ पैकी २४ सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये खेळतो, आणि तेथे एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असल्याने सर्वांची मिळून सरासरी तसूभरही हलत नाही. म्हणजे कॉन्फरन्सची पत प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबरमधील बाहेरच्या कॉन्फरन्सशी झालेल्या सामन्यांवर ठरते आणि तिथेच गोठते. तरुण खेळाडूंचा एखादा संघ फेब्रुवारीत कितीही सुधारला, तरी शेजारी संघांनी ऑक्टोबरमध्ये खाल्लेल्या पराभवांचे ओझे त्याच्या डोक्यावर राहतेच. खरा अन्याय असेल तर तो येथे आहे.

तिसरे उत्तर

विजेतेपदे मोजून कॉन्फरन्सची ताकद ठरवणे मला मान्य नाही. ही स्पर्धा एका सामन्यात बाद होण्याची आहे. २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे एनसीएचसीचा सेंट क्लाउड स्टेट हा एकूण पहिल्या मानांकनाचा संघ पहिल्याच सामन्यात हरला, आधी एअर फोर्सकडून आणि नंतर अमेरिकन इंटरनॅशनलकडून. दोन्ही विजेते अटलांटिक हॉकीचे होते, तरीही ती कॉन्फरन्स अधिक बलवान होती असे कोणी म्हणणार नाही. २०१३ मध्ये येल जेमतेम स्पर्धेत शिरले आणि ज्या क्विनिपिॲककडून त्या हंगामात तीनदा हरले होते त्यालाच अंतिम सामन्यात ४-० ने हरवून विजेते झाले. शिवाय ‘बलवान कॉन्फरन्स’ म्हणजे शिखरावरचे दोन संघ की मधली फळी, हे आधी ठरवावे लागेल. सहा जागा मधल्या फळीमुळे मिळतात, चषक शिखरावरच्या संघामुळे. मला क्राख ही, निकाल आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद पाहून प्रत्येक संघाला गुणांक देणारी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात गुणांकाचा थेट अर्थ लागतो: २०० गुणांकाच्या संघाने १०० च्या संघाविरुद्ध तीनपैकी दोन सामने जिंकणे अपेक्षित असते.

प्रश्नकर्ता

तिसऱ्या उत्तरातील मधल्या फळीचा मुद्दा मला पटला आणि मतदारांवरील आरोप मी मागे घेतो. परंतु क्राखलाही दोन कॉन्फरन्समधील दुवा त्याच मोजक्या सामन्यांतून मिळतो, त्यामुळे दुसऱ्या उत्तरातील अडचण तिथेही उरतेच. प्रत्येक संघाने जानेवारीनंतर निदान दोन सामने बाहेरच्या कॉन्फरन्सशी खेळावेत, असा नियम वेळापत्रकात बसवता येईल काय?