गोव्यात पूलची ‘अड्ड्यावरचा खेळ’ ही ओळख बदलायची कशी?

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आमच्या मंडळाने पूलची, म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारून कडेच्या भोकांत (पॉकेटांत) टाकायच्या खेळाची, खोली सुरू केली आहे. एक नऊ फुटी आणि दोन आठ फुटी टेबलं, तिन्ही स्लेटची, म्हणजे कापडाखाली दगडी पाट असलेली. दारू नाही, सिगारेट नाही. तरी गावात पूल म्हटलं की लोकांना आठवतं ते शॅकमधलं फाटक्या कापडाचं टेबल, बाजूला बिअर आणि पैशांची पैज. हायस्कूलचे क्रीडाशिक्षक यायला कचरतात. पालक मुलांना नाखुशीने पाठवतात, मुलींना पाठवतच नाहीत.

चवथीनंतर सोळा खेळाडूंची स्पर्धा घ्यायची आहे. बॅनर लावा, मोठा माणूस उद्घाटनाला बोलवा, अशा सूचना भरपूर मिळाल्या. मला विचारायचं आहे ते वेगळं: खोलीत, टेबलावर आणि नियमांत नेमकं काय बदललं की बाहेरून आलेल्या माणसाला हा खेळ म्हणून दिसेल? आणि आधी काय करायचं, मागाहून काय?

म्हापशेकर

अंत्रुजकर बाब, पहिल्या कामाला एक पैसाही लागत नाही. ‘हरेल तो टेबल भरेल’ ही पद्धत आजपासून बंद करा.

बहुतेक पार्लरमध्ये ती चालते आणि कोणालाच ती पैज वाटत नाही. पण कॉलेजच्या मुलाच्या बाजूने बघा. हरला की खिशातून शे-दीडशे गेले, म्हणजे निकालावर पैसे लागलेच. तिथून ‘पुढचा डाव दुप्पट’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून तासाचा दर ठरवा, दोघांकडून निम्मे-निम्मे आणि ब्रेकच्या, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्याच्या, आधी काउंटरवर घ्या, पावती द्या. पैसे आधीच भरलेले असले की निकालावर काही लटकत नाही, आणि भांडणाचं मुख्य कारणही जातं.

दुसरं, मार्कर, म्हणजे टेबल लावणारा आणि गुण मोजणारा माणूस. जिंकणाऱ्याकडून त्याला बक्षिसी मिळत असेल तर तो पैजा थांबवणार नाही, उलट जुळवून देईल. पगार नीट द्या, बक्षिसी बंद करा, आणि पैज दिसली की टेबल थांबवायचा अधिकार त्यालाच द्या. दारावर फलक हवा, पण ‘जुगार खेळू नये’ असा मोघम नको. ‘पैसे लावून खेळणाऱ्यांचं टेबल लगेच बंद केलं जाईल’ असं लिहा आणि खाली गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा, १९७६ हे नाव पूर्ण घाला. पंचायतीत प्रश्न आला तर हा फलक आणि पावतीपुस्तक दोन्ही दाखवता येतात.

पुढेमागे खोलीला लागून बार काढायचा मोह झाला तर दार वेगळं ठेवा. गोव्यात अल्पवयीनांना दारू देता येत नाही. ज्या खोलीत ग्लास फिरतात तिथे चौदा वर्षांची मुलगी सरावाला येणार नाही, आणि तिच्या आईला त्यात दोष देता येत नाही.

कुशन_कारागीर

वरचं सगळं पटतं. पण माणूस आत आल्या आल्या दरपत्रक वाचत नाही, त्याला आधी उजेड दिसतो. काळोखी खोली आणि टेबलावर एकच लोंबता दिवा, हे सिनेमातल्या गुंडांच्या बैठकीचं दृश्य आहे आणि आपण ते हौसेने उभं करतो.

पूलच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूपीएच्या निकषांत टेबलाच्या पृष्ठभागावर सगळीकडे किमान ५२० लक्स उजेड सांगितला आहे. दिव्याची चौकट हलवता येत नसेल तर ती पृष्ठभागापासून किमान ६५ इंच वर हवी. बाजूला सरकवता येत असेल तर ४० इंच चालते. मोबाईलवरच्या लक्समापकाने चारही कोपरे आणि मध्य मोजा. मध्ये ८०० आणि कोपऱ्यात ३०० असा फरक निघाला तर पॉकेटच्या ओठावर सावली पडते आणि नवशिक्या तिथेच चुकतो. टेबलाच्या लांबीएवढी एलईडी पट्ट्यांची चौकट हा सोपा उपाय. भिंतींवरही वेगळे दिवे लावा, बसणाऱ्यांचे चेहरे दिसले पाहिजेत. रस्त्याकडच्या काचेवर काळी फिल्म असेल तर ती काढून टाका. आत काय चाललंय ते जाता-येता दिसू द्या. थेट ऊन टेबलावर येत असेल तर पांढरा पडदा पुरतो.

आता टेबल. नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा १०० बाय ५० इंच. क्यू, म्हणजे खेळायची काठी, साधारण ५८ इंचांचा, म्हणून चारही बाजूंनी पाच फूट मोकळे धरले तर सुमारे साडेअठरा बाय साडेचौदा फूट लागतात. भिंत जवळ असली की खेळाडू क्यू मागून उचलून वाकडा मारतो, क्यूची टोकं भिंतीला आपटतात, आणि बघणाऱ्याला तो थिल्लरपणा वाटतो. दोष खोलीचा असतो.

लेव्हल बघायला पांढरा बॉल अगदी हळू, जेमतेम पलीकडे पोचेल इतक्या जोराने लांबीत आणि रुंदीत सोडा. शेवटच्या फुटात तो एका बाजूला वळला तर पायाखालचे लेव्हलर फिरवा. आपल्याकडे खाऱ्या हवेने त्यांचे आटे गंजतात, म्हणून पावसाळ्याआधी ग्रीस लावून ठेवावं. स्लेट वाकत नाही, पण तीन तुकड्यांच्या जोडावर बॉल टक्कन उडत असेल तर कापड उचलून जोड मेणाने भरून घ्यावा लागतो. हे काम फिटरचं, घरी करू नका.

पावसाळ्यात कापड ओल धरतं आणि तोच फटका आखूड पडतो. खडू ओलावतो, टिपवर, म्हणजे क्यूच्या टोकावर, नीट बसत नाही आणि मिसक्यू, म्हणजे टोक बॉलवरून घसरलेले फटके, वाढतात. डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५०–५५ टक्क्यांवर ठेवता आली तर उत्तम. ते नसेल तर सामन्याआधी तीन-चार तास एसी चालू ठेवा, रात्री टेबल झाकून ठेवा आणि क्यू भिंतीला टेकवून न ठेवता स्टँडमध्ये सरळ उभे करा. स्पर्धा चवथीनंतर आहे, म्हणजे हवा अजून दमटच असणार.

बॉल कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवून मऊ कापडाने कोरडे करा, रोज. खडूची पूड चिकटलेला बॉल आदळताना क्षणभर अडकतो, मारलेला बॉल ठरल्या कोनाने जात नाही, आणि खेळाडू टेबलाला शिव्या घालतो. पांढरा हरवला म्हणून दुसऱ्या संचातला आणून ठेवू नका. पूलचे बॉल ५७.१५ मिमी व्यासाचे, १५६ ते १७० ग्रॅम वजनाचे. पांढरा जास्त जड असला की मागे खेचायचा फटका बसतच नाही. नाणं टाकून खेळायच्या बऱ्याच टेबलांवर पांढरा यंत्राला ओळखू यावा म्हणून वेगळा असतो आणि तिथे शिकलेला हात चुकीचाच बसतो.

रेफ्री_मडगाव

मी नियमांपुरतं बोलतो. पूलच्या खोलीत आवाज चढतो तो बहुतेक वेळा नियमावरून. प्रत्येक वाड्याचा कायदा वेगळा: कोणी फाऊलला दोन फटके देतो, कोणी काळा शेवटच्या बॉलच्याच पॉकेटात मागतो, कोणी चुकून पडलेला बॉल वर काढतो. एकच नियमसंच, मराठी आणि कोंकणीत, एका पानावर, टेबलाशेजारी लावा. एटबॉल म्हणजे एकरंगी किंवा पट्टेवाले यांपैकी आपला सात बॉलचा गट संपवून शेवटी काळा टाकायचा प्रकार. त्यात ज्यांवरून रोज वाद होतात ते मुद्दे असे:

ब्रेकमध्ये काही पडलं नाही तर किमान चार रंगीत (पांढऱ्याखेरीजचे) बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागलेच पाहिजेत. ब्रेकनंतर टेबल खुलं असतं. ब्रेकमध्ये कितीही पट्टेवाले पडले तरी गट ठरत नाही, पुढे सांगून टाकलेल्या बॉलने ठरतो. धडक झाल्यावर काही पडलं नाही आणि एकही बॉल कुशनला लागला नाही तर फाऊल. फाऊल म्हणजे समोरच्याला पांढरा हातात, टेबलावर कुठेही. वैध ब्रेकमध्ये काळा पडला तर ना जिंकला ना हरला: ब्रेक करणाऱ्याने काळा जागेवर ठेवून पुढे खेळावं किंवा पुन्हा ब्रेक घ्यावा. काळ्यावर खेळताना पांढरा पडला पण काळा टेबलावरच राहिला, तर तो फक्त फाऊल, डाव जात नाही. डाव जातो तो काळा वेळेआधी पडला, न सांगितलेल्या पॉकेटात पडला, फाऊलसकट पडला किंवा टेबलाबाहेर गेला तर.

रेफ्रीला सगळ्यात अवघड जाते ती जवळची धडक. पांढरा आणि रंगीत बॉल यांत खडूच्या चौकोनाएवढंही अंतर नसेल आणि सरळ मारल्यावर पांढरा लगेच रंगीताच्या मागोमाग धावला, तर क्यू दोनदा लागलेला असतो, फाऊल. अशा फटक्याआधी खेळाडूने रेफ्रीला बोलवायचं, मारून झाल्यावर नव्हे. मोबाईलचा स्लो मोशन टेबलाच्या उंचीवर धरला तर शंका राहत नाही.

स्पर्धेचं गणित: थेट बाद पद्धत घेऊ नका. सोळांतले आठ जण एकच सामना खेळून घरी जातात, त्यांच्यासोबत त्यांची माणसंही. चार-चारचे चार गट करा, चोवीस सामने, चार डाव आधी जिंकेल तो विजयी. सामन्याला चाळीस मिनिटं धरली तर दोन आठ फुटी टेबलांवर आठ तासांत गट संपतात. नऊ फुटी त्या दिवशी सरावाला ठेवा, म्हणजे गटात सगळ्यांना सारखंच टेबल मिळतं. दुसऱ्या दिवशी उपांत्यपूर्व फेरीपासूनचे सात सामने फक्त नऊ फुटीवर, सहा डाव आधी जिंकेल तो विजयी, तासाला एक. एकच टेबल चालू असलं की सगळे प्रेक्षक तिथेच बघतात, शांतता आपोआप येते. फटक्याला ३० सेकंद आणि प्रत्येक डावात एकदा तेवढीच मुदतवाढ द्या. गुणफलक खुर्चीतूनही वाचता येईल एवढा मोठा हवा. कॉलरचा टी-शर्ट, फुल पँट, बूट. चप्पल आणि हाफ पँट नको, अंतिम फेरीतही नको आणि सकाळी नऊच्या गटसामन्यातही नको.

म्हापशेकर

रेफ्री दादा, नाईनबॉल का नको? सर्वांत लहान क्रमांकाला आधी लागलं पाहिजे, नऊ पडला की डाव संपला. एका वाक्यात समजतं.

रेफ्री_मडगाव

समजतं खरं. पण नऊ कुठल्याही वैध फटक्यात नशिबाने पडला तरी डाव मिळतो, आणि पहिल्यांदा बघणाऱ्या पालकाच्या मनात नेमकं तेच राहतं. एटबॉलमध्ये पॉकेट आधी सांगावं लागतं. खेळाडू बोट दाखवतो आणि बॉल तिथेच जातो, याहून चांगला पुरावा कुठला? नाईनबॉल पुढच्या वर्षी घ्या.

सराव_डिचोली

पालकांबद्दल लिहिते, कारण मुलं तेच पाठवणार.

स्पर्धेआधीच्या रविवारी सकाळी दोन तास पालकांसाठी ठेवा. भाषण नको, तीन प्रात्यक्षिकं करा. पहिलं, थांबणारा बॉल: समोरासमोर सरळ फटका, पांढरा जागच्या जागी थांबतो. दुसरं, पांढरा न घरंगळता घसरत जाऊन रंगीताला तिरका लागला की दोन्ही बॉल जवळजवळ काटकोनात फुटतात. टेबलावर पातळ कागदाचा गुण्या ठेवून दाखवा. तिसरं, घरंगळत आलेला पांढरा रंगीताला अर्धा लागला की आपल्या मूळ वाटेपासून सुमारे ३० अंशांत वळतो. दहावीचं भूमिती शिकवणारे शिक्षक आले तर त्यांच्याच हातून करून घ्या. शाळेत तुमच्याबद्दल तेच बोलतील.

मुलांसाठी ४८ इंचांचे दोन क्यू वेगळे ठेवा. मोठ्यांच्या क्यूने मूल तोल सांभाळायला खांदा फिरवतं आणि ती सवय सुटत नाही. दहा वर्षांखालच्यांना टेबलाभोवती सरकवायला रुंद, न डगमगणारी लाकडी पाटं लागतात. पहिल्या आठवड्यात फक्त उभं राहणं, हाताचा पूल (क्यू टेकवायची पुढच्या हाताची ठेवण) आणि सरळ फटका. पांढऱ्यापासून हात १५–२० सेंमी, धडकेच्या क्षणी मागचा हात कोपरापासून खाली सरळ लोंबता. दहा सरळ फटक्यांत किती पांढरे थांबले ते वहीत लिहा. दर महिन्याला ही वही घरी पाठवा. आकडा वाढताना दिसला की आई-बाबांचा प्रश्न ‘तिथे काय करतोस’ वरून ‘या महिन्यात किती’ वर येतो.

मुलींची वेळ वेगळी ठेवायची झाली तर ती दुपारची रिकामी वेळ नको, संध्याकाळी पाच ते सहाची चांगली वेळ द्या. शिकवायला बाई असेल तर त्याचा फार फरक पडतो. आणि स्वच्छ, आतून कडी लागणारं शौचालय. यावाचून बाकी सगळं वाया जातं.

क्रीडाशिक्षकांना पत्र लिहाल तेव्हा त्यात हे घाला: क्यू स्पोर्ट्सच्या जागतिक महासंघाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता आहे. १९९८ ते २०१० या चार आशियाई खेळांत क्यू स्पोर्ट्स होते आणि त्यांत पूलही होता. २००१ पासून वर्ल्ड गेम्समध्येही पूल आहे. उत्तेजकविरोधी यादीत बीटा-ब्लॉकर औषधं ज्या थोड्या खेळांत स्पर्धेदरम्यान मना आहेत, त्यांत बिलियर्ड्सचे सगळे प्रकार येतात. विल्सन जोन्स १९५८ मध्ये जागतिक विजेते झाले, तेव्हा कुठल्याही खेळातले ते पहिले भारतीय जगज्जेते ठरले. गीत सेठी आणि पंकज अडवाणी यांना खेलरत्न मिळालं आहे. ही तिघांची कामगिरी पूलमधली नाही, मुख्यतः बिलियर्ड्स-स्नूकरमधली आहे, तसं स्पष्ट लिहा. क्रीडाशिक्षक माहीतगार असतात, गोलमाल वाक्याने विश्वास जातो.

अंत्रुजकर

फार उपयोगी. दोन प्रश्न राहिले. बक्षीस रोख द्यावं का? आणि वर्तमानपत्रात बातमी यावी म्हणून काय पाठवायचं?

म्हापशेकर

रोख पाकीट नको. बक्षीस पुरस्कर्त्याकडून घ्या आणि विजेत्याच्या बँक खात्यात द्या. प्रवेश शुल्क वेगळं ठेवा, ते रेफ्रींचं मानधन, बॉल-खडू आणि चहापाण्यावर खर्च करा आणि हिशेब फलकावर लावा. खेळाडूंनी भरलेले पैसे जिंकणाऱ्याच्या हातात जाताना दिसले की लोक परत तोच अर्थ काढतात, मग पावतीपुस्तक दाखवून उपयोग नाही.

बातमीसाठी गोमन्तक, तरुण भारत, नवप्रभा यांच्या क्रीडा पानाला त्याच संध्याकाळी आठच्या आत पाठवा. पहिल्या ओळीत विजेत्याचं नाव, गाव आणि गुण: ६–४ असे. दुसऱ्या परिच्छेदात निर्णायक डाव दोन वाक्यांत, कोणता बॉल कुठल्या पॉकेटात आणि का कठीण होता. पाहुण्यांची यादी शेवटी, जागा उरली तर. फोटो करंडक हातात धरलेला नको, खेळाडू टेबलावर वाकून फटका मारतानाचा हवा, मागे गुणफलक आणि रेफ्री दिसेल असा. फ्लॅश न वापरता काढा, फटका मारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चमकला तर रेफ्री तुम्हाला बाहेर काढेल.

रेफ्री_मडगाव

काढणारच. आणि गटवार निकालाचा तक्ता सोबत जोडा, आठ वाजता फोन आला तर उत्तर तयार असावं.