प्रति: डिस्कवर उतरवलं की निर्धास्त?

‘फाइल एकदा हार्ड डिस्कवर उतरवली की निर्धास्त’ हे वर कोणीतरी म्हटलंय ते अर्धंच खरं. विकत घेतलेल्या सिनेमाची फाइल तुमच्याकडे, पण तिच्यावरच्या डिजिटल कुलपाची (नक्कल रोखणाऱ्या डीआरएमची) किल्ली दुकानदाराच्या सर्व्हरवर. गूगलने २००७ च्या ऑगस्टमध्ये आपलं व्हिडिओचं दुकान गुंडाळलं, तेव्हा विकत घेतलेलेही व्हिडिओ यापुढे चालणार नाहीत असं सरळ कळवलं होतं. भरपाई म्हणून आधी त्यांच्याच ‘चेकआउट’ या पैसे भरायच्या सेवेत वापरायची रक्कम देऊ केली, मग आरडाओरड झाल्यावर पूर्ण पैसे परत!

अजून एका कुलपाचा उल्लेख इथे आला नाही, ते म्हणजे केबलमधलं. दिवाळीत पाहुणे जमले म्हणून मी लॅपटॉपला जुना प्रोजेक्टर जोडला. विकत घेतलेला सिनेमा लावला तर आवाज येतोय आणि भिंत काळीकुट्ट. अर्धा तास वायरी उपसल्या. मामांनी तर बल्ब गेला असं जाहीरही करून टाकलं. दोष एचडीसीपीचा, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या चित्राची नक्कल रोखणाऱ्या कुलपाचा होता: लॅपटॉप केबलमधून समोरच्या यंत्राची ओळख तपासतो, आणि जुन्या प्रोजेक्टरला ती परीक्षा देताच येत नाही. शेवटी आठ जणांनी पंधरा इंची पडद्यासमोर दाटीवाटीने बसून सिनेमा पाहिला. मोबाइलवर मी काढलेला, कुलूपच नसलेला बारशाचा व्हिडिओ मात्र त्याच प्रोजेक्टरवर झकास चालला.