मदत हवी आहे: साड्यांच्या दुकानातील दिवे दिव्यांग ग्राहकांच्या सोयीचे कसे करावेत?

नमस्कार. दादर पश्चिमेला आमचे साड्यांचे दुकान आहे. गाळा अरुंद आणि खोल असल्यामुळे दर्शनी भाग सोडला तर भर दुपारीही बाहेरचा उजेड आत पोहोचत नाही. पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा फॉल्स सीलिंग आणि वायरिंग नव्याने करून घ्यायचे ठरवले आहे. त्यापूर्वी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

हा विषय डोक्यात आला तो एका जुन्या ग्राहक बाईंमुळे. त्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा (दृष्टिपटल हळूहळू निकामी होण्याचा आजार) आहे, त्यामुळे उन्हातून आत आल्यावर त्यांची नजर सरावायला बराच वेळ लागतो. मागच्या खेपेस गुळगुळीत लादीवर पडलेली स्पॉटलाइटची चकाकी त्यांना सांडलेल्या पाण्यासारखी भासली, आणि ती टाळून वळसा घेताना त्या लादीच्याच रंगाच्या स्टुलाला अडखळल्या. सुदैवाने लागले नाही. इलेक्ट्रिशियनला हे सांगितले तर त्याने लगेच वॅट वाढवण्याचा उपाय सुचवला. पण आमचे दुकान अंधारे नाही, उलट जागोजागी डोळे दिपवणारे आहे, हे त्याला पटवता आले नाही.

त्यानंतर मी बारकाईने पाहू लागले. आमचा एक विक्रेता कर्णबधिर असून ओठवाचनावर काम भागवतो. तो ग्राहकाला खुणावून नेहमी गादीच्या आतल्या टोकाला बसवतो, ही मी इतकी वर्षे त्याची लकब समजत होते. प्रत्यक्षात दाराकडच्या टोकाला बसणाऱ्याच्या पाठीमागे शोकेसचे प्रखर दिवे येतात आणि चेहरा काळोखात जातो, म्हणून तो असे करतो. बिलाच्या काउंटरवरील एलईडी पॅनेलकडे फोनचा कॅमेरा धरला तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे हलक्या ड्रायव्हरचे (एलईडीला लागेल तशी वीज पुरवणाऱ्या भागाचे) दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आणि तिथे बसणाऱ्या, अर्धशिशीचा त्रास असलेल्या मुलीची तक्रार मी आजवर उगाच हसण्यावारी नेली.

खरी अडचण पुढे आहे. वयस्कर ग्राहकांना विणकाम आणि किमतीची चिठ्ठी पाहायला भरपूर प्रकाश लागतो, तर वर्णहीनता (त्वचेत व डोळ्यांत रंगद्रव्य नसणे) असलेल्या व्यक्तीला तोच प्रकाश सोसत नाही. शिवाय साडीचा रंग ‘उजेडात’ पाहण्यासाठी दारापर्यंत नेण्याची आपल्याकडची रीत व्हीलचेअरवरील ग्राहकाच्या उपयोगाची नाही, कारण दारापाशी दोन पायऱ्या आहेत. (उताराचे काम वेगळे चालू आहे, त्यावर इथे चर्चा नको.) म्हणून गादीजवळ एका ठिकाणी रंग खरे दाखवणारा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) ९० च्या वरचा आणि कमीजास्त करता येणारा दिवा, इतरत्र दुधी आवरणातून पसरणारा मध्यम प्रकाश, आणि दारातून आत येताना उजेड टप्प्याटप्प्याने उतरत जाईल अशी मांडणी करावी, असे माझ्या मनात आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४६ मध्ये खासगी सेवा देणारेही येतात, एवढे मी वाचले आहे. केंद्राची २०२१ ची सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वे कंत्राटदाराला पाठवली. त्याने ती उघडली असावीत असे वाटत नाही. त्याच्या आराखड्यात ट्रायल रूमचे बटण साडेपाच फुटांवर आहे आणि बोळात डोक्याच्या उंचीवर भिंतीपासून सात इंच पुढे आलेले पितळी दिवे आहेत. तुलनेसाठी सांगते, अमेरिकेच्या २०१० च्या मानकांत बटणाची उंची जास्तीत जास्त ४८ इंच आहे, आणि जमिनीपासून २७ ते ८० इंचांच्या दरम्यान भिंतीवरची वस्तू ४ इंचांहून पुढे येऊ देत नाहीत, कारण ती पांढऱ्या काठीला लागत नाही. पितळी दिवे मी रद्द केले आहेत.

माझे प्रश्न असे. छत साडेआठ फुटांवरच असताना अप्रत्यक्ष प्रकाश, म्हणजे छतावर पडून खाली येणारा, पुरेसा पडतो का? मंद केल्यावरही न लुकलुकणारा ड्रायव्हर मागताना लोहार चाळीतल्या (मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार) दुकानदाराला नेमके काय विचारावे? ट्रायल रूममध्ये हालचालीवर चालणारा सेन्सर बसवायचा सल्ला मिळाला आहे, पण सावकाश कपडे बदलणाऱ्या व्यक्तीवर मध्येच अंधार होईल अशी मला भीती वाटते. कोणाचा अनुभव आहे का? आणि ज्यांना स्वतःला अंधुक दिसते किंवा कमी ऐकू येते, त्यांनी दुकानात शिरल्यावर सर्वांत आधी काय खटकते तेही अवश्य लिहावे. गाळ्याचा नकाशा आणि छताची मापे हवी असल्यास इथेच देते.