शेअर ड्राइव्हवर ७७७ मारायचं बंद करा राव

विश्रामबागकर: काल इथं एकानं सल्ला दिला, लिनक्सच्या दोन मशीनमध्ये ड्राइव्ह फिरवताना 'परमिशन डिनाइड' आलं की सीएचमॉड (फाईलची परवानगी बदलायची कमांड) ७७७ मारा, म्हणजे सगळ्यांना वाचायला, लिहायला, चालवायला मोकळं, विषय संपला. कुठं संपतो ओ? उद्या दुसऱ्या मशीनवरनं नवीन फाईल झाली की ती परत ६४४ (लिहायचं फक्त मालकानं, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं) आणि मालक भलताच. एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाईलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली ठेवायची पद्धत) डिस्कवर तुमचं नाव नसतंच, नुसता यूआयडीचा, म्हणजे युजर नंबरचा, आकडा असतो. उबुंटूत पहिला युजर १०००, दुसऱ्या मशीनवर तुम्ही १००१ असला तर तुमच्याच फायली तिथं दुसऱ्याच्या नावावर. दोन्हीकडं यूआयडी सारखा करा, नाहीतर एकाच जीआयडीचा (ग्रुप नंबरचा) ग्रुप काढा, फोल्डरला २७७५ द्या म्हणजे आतल्या नवीन फायलींना तोच ग्रुप लागतो, आणि यूमास्क (नवीन फाईलमधनं कुठली परवानगी वगळायची तो आकडा) ००२ ठेवा म्हणजे ग्रुपला लिहिता येतं.

पोवईनाका: सल्ला माझाच होता. आमचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नसराईत गिऱ्हाईक समोर उभं राहून पत्रिकेचं प्रूफ मागतंय आणि मी प्रत्येक मशीनचा यूमास्क बदलत बसू? घरच्या डिस्कला कसली आलीय सिक्युरिटी!

विश्रामबागकर: सिक्युरिटीचं कोण बोललंय? यूमास्क नको तर सेटएफएसीएल कमांडनं ग्रुपला डिफॉल्ट एसीएल (फोल्डरमधल्या नवीन फायलींना आपोआप लागणारी परवानगीची यादी) लावा, ते डिस्कवरच राहतं.

कृष्णाकाठ: एवढा कुटाणा कशाला, एक्सफॅट (पेनड्राइव्हवर असते ती फाईलसिस्टीम) करा. परमिशनची भानगडच नाही, लिनक्स कर्नल ५.४ पासून सपोर्ट पण आहे.

मिरजजंक्शन: एक्सफॅटचं नाव काढू नका!! जर्नल (बदल करायच्या आधी ते नोंदवून ठेवायची वही) नाही त्याला. भाच्याच्या मुंजीचे फोटो कॉपी होत होते, पाऊस आला, लाईट गेली, नंतर बघतो तर फोल्डरच उघडंना, आधीचे फोटोपण गेले आणि बहिणीला काय सांगायचं ते मलाच माहीत.

कृष्णाकाठ: मग इन्व्हर्टर घ्या की, लाईटीचा राग फाईलसिस्टीमवर कशाला काढताय? एक्स्ट४ तरी अर्धवट कॉपी झालेली फाईल कुठं वाचवतंय, जर्नल मेटाडेटाचं असतं, म्हणजे फायलींच्या नोंदींचं, आतल्या मजकुराचं नाही.

मिरजजंक्शन: अर्धी फाईल जाऊ दे ओ, बाकीचं फोल्डर तरी जाग्यावर राहतं! आणि सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडं बोट दाखवणारा शॉर्टकट)? एक्झिक्युट बिट (फाईल प्रोग्रॅम म्हणून चालवायची परवानगी)? आरसिंकनं (फायली कॉपी करायच्या कमांडनं) बॅकअप घ्या त्यावर, मालक-ग्रुप सगळं पुसलं जातंय.

कृष्णाकाठ: फोटो ठेवणाऱ्याला सिमलिंक कशाला लागतंय?

पोवईनाका: अहो तुमचं एक्सफॅट राहू द्या बाजूला. एसीएल लावून बघितलं, नवीन फाईल दोन्हीकडनं उघडते, तेवढं मान्य. पण ६४४ ची फाईल कॉपी करून टाकली तर ग्रुपला लिहिता येईना, गेटएफएसीएलमध्ये (एसीएल दाखवणारी कमांड) 'इफेक्टिव्ह' म्हणून नुसता आर, म्हणजे वाचायचं तेवढंच, दिसतोय. हे का नाही सांगितलं?

विश्रामबागकर: बरोबर आहे तुमचं, कॉपी करताना जुना मोड (६४४ सारखा परवानगीचा आकडा) येतो आणि मास्क, म्हणजे एसीएलमधली ग्रुपच्या परवानगीची वरची मर्यादा, तिथंच अडकतो. फोल्डरवर सीएचमॉड -आर जी+आरडब्ल्यूएक्स मारा, पहिला आर (म्हणजे आतलं सगळं धरून) आणि शेवटचा एक्स कॅपिटल, मोठ्या एक्सनं फोल्डरला एक्झिक्युटची परवानगी लागते, साध्या फायलींना नाही. तुमच्या ७७७ नं प्रत्येक टेक्स्ट फाईल एक्झिक्युटेबल होते.

पोवईनाका: म्हणजे सीएचमॉड मारायचंच की शेवटी!

विश्रामबागकर: मारा, पण ७७७ नको.