मदत हवी आहे: मोटारसायकलची सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात किती करावी आणि घरी किती?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०२२ साली घेतलेली १६० सीसीची मोटारसायकल आहे. गाडी प्रदूषणाच्या बीएस-६ मानकाची असून तिला फ्युएल इंजेक्शन आहे, पुढे डिस्क ब्रेक व एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि मागे ड्रम ब्रेक आहे. मेन स्टँड मात्र नाही. रोज धायरी ते हिंजवडी असे जाणे-येणे आणि महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी खंबाटकी घाटातून साताऱ्याकडे गावी जाणे, असा तिचा वापर आहे. वर्षाला साधारण बारा हजार किलोमीटर होतात. आतापर्यंतची प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच झाली आहे आणि पाच वर्षांच्या वॉरंटीचा आता शेवटचा टप्पा सुरू आहे. कंपनीचे आणि केंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाविरुद्ध तक्रार मांडायची नसून पुढची व्यवस्था नीट ठरवायची आहे.

हा विचार सुरू झाला तो मागच्या बिलावरून. एकूण रक्कम ३,०९४ रुपये होती. त्यात माल म्हणावा अशा तीनच वस्तू होत्या: इंजिन ऑइल ५४० रुपये, ऑइल फिल्टर १२० रुपये आणि एअर फिल्टर ३१० रुपये, म्हणजे एकूण ९७० रुपये. उरलेले २,१२४ रुपये मजुरीचे आणि तिच्यावरच्या १८ टक्के जीएसटीचे. मजुरीचा तपशील असा की मूळ सर्व्हिसिंगचे ७००, चेन साफ करून ल्यूब (वंगण) लावण्याचे २००, ब्रेकची सफाई व ग्रीसिंगचे १५०, धुणे व पॉलिशचे २००, ‘कन्झ्युमेबल’ या नावाखाली १०० आणि इंजिन डिकार्बनायझेशनचे, म्हणजे आत साचलेली काजळी काढण्याचे, ४५०. यांपैकी डिकार्बनायझेशन मी सांगितले नव्हते, जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, सही करताना त्याचा उल्लेख झाला नव्हता आणि गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील देखभालीच्या तक्त्यात ते कुठेही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे असे भाग थोडे स्वस्त पडतात हे खरे. पण बिलाचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग मजुरीचा असेल, तर एकूण रकमेत तो फरक फारसा जाणवत नाही.

पैशांपेक्षा मला अधिक खटकला तो कामाचा दर्जा. घरी आल्यावर मागच्या चाकाजवळ बसून पाहिले, तर स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांवर) चेन ताणण्यासाठी ज्या रेघा कोरलेल्या असतात, त्यांतील डावीकडचा अ‍ॅडजस्टर तिसऱ्या रेघेवर आणि उजवीकडचा जवळजवळ चौथ्या रेघेवर होता. म्हणजे चाक सरळ रेषेत नव्हते. अशा स्थितीत गाडी चालवली, तर चेन स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राच्या) दातांवर एका बाजूने घासते, टायर तिरका झिजतो आणि ओल्या रस्त्यावर गाडी किंचित एका बाजूला ओढते. चेनवर ल्यूब मारलेले होते, पण ते जुन्या काळ्या चिखलावरच, त्यामुळे लिंकच्या आतल्या फटींपर्यंत ते पोहोचणे शक्यच नव्हते. एअर फिल्टर नवीन घातला होता, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. मात्र ज्या डब्यात तो बसतो त्याच्या तळाशी हिंजवडीच्या रस्त्यावरची मेट्रोच्या कामाची धूळ तशीच साचलेली होती. यात कारागिराला दोष द्यावा असे मला वाटत नाही. सकाळी दहाच्या आत आलेल्या सगळ्या गाड्या संध्याकाळपर्यंत परत द्यायच्या असतील, तर कोणाच्याही हातून एका चेनला पुरेसा वेळ दिला जाणार नाही.

चेनच्या बाबतीत तर मला असे वाटू लागले आहे की, हा प्रश्न केंद्र की घर असा नाहीच. पुस्तिकेप्रमाणे चेनला दर ५०० किलोमीटरला ल्यूब हवे आणि सर्व्हिसिंग होते दर ५,००० किलोमीटरला. मधल्या काळात मालकानेच हात लावला नाही, तर केंद्र कितीही चांगले असले तरी चेन टिकणार नाही. माझा पहिला चेन-सेट (चेन आणि स्प्रॉकेट) वीस हजार किलोमीटरच्या आतच बदलावा लागला आणि त्याचे कारण आता कळते. म्हणून चेनची सफाई, तिचा ताण तपासणे, क्लचच्या केबलमध्ये तेल सोडणे, बॅटरीचे टर्मिनल पुसणे, मागच्या ड्रम ब्रेकचा नट आवळून पेडलचा खेळ कमी करणे आणि टायरची हवा, एवढी कामे घरी करायची, हे ठरल्यातच जमा आहे. ज्यांनी ही कामे वर्षानुवर्षे केली आहेत, त्यांनी चेनविषयी एक शंका दूर करावी. ओ-रिंग (लिंकमधल्या रबरी कड्या) असलेल्या चेनला पेट्रोल लावू नये, कारण त्याने रबर खराब होते, हे मी जाणतो. रॉकेल आता सहज मिळत नाही, त्यामुळे काही जण डिझेल वापरतात, तर काही जण केवळ स्प्रेच्या डब्यातील क्लीनर. त्यानंतर ९० नंबरचे गिअर ऑइल लावावे की चेन ल्यूबचा स्प्रे? गिअर ऑइल स्वस्त पडते आणि आत मुरते, पण चाकावर उडते आणि धूळ धरते. पुण्याच्या उन्हाळ्यात आणि घाटातल्या पावसाळ्यात यांपैकी काय टिकते, हे अनुभवातून कोणी सांगितले तर बरे होईल.

खरी अडचण पुढच्या पायरीवर आहे आणि ती म्हणजे ऑइल बदलणे. काम वरवर सोपे दिसते: इंजिन किंचित गरम करायचे, खालचा ड्रेन बोल्ट काढायचा, काळे ऑइल निथळू द्यायचे, फिल्टर बदलायचा, बोल्टचा नवीन वॉशर घालून तो आवळायचा आणि ठरलेल्या ग्रेडचे ऑइल भरायचे. ऑइल निवडताना जासो एमए किंवा एमए२ हे जपानी मानक पाहावे लागते, कारण बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि घर्षण कमी करणारी रसायने असलेले चारचाकीचे ऑइल घातले, तर क्लच घसरू लागतो. इथपर्यंत मला शंका नाही. भीती आहे ती बोल्टच्या आट्यांची. इंजिनाचे केसिंग अ‍ॅल्युमिनियमचे आणि बोल्ट लोखंडी असतो; तो अंदाजाने जास्त आवळला आणि आटे गेले, तर हेलिकॉइल (नवे आटे देणारे तारेचे वेटोळे) बसवून घ्यावा लागतो, नाहीतर केसिंगच बदलावे लागते आणि वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च होतो. कमी आवळला तर घाटात ऑइल गळून इंजिनच जाम होऊ शकते. तेव्हा टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळता येईल असा पाना, घेणे योग्य वाटते, पण ड्रेन बोल्टला लागणारा टॉर्क कमी आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या नटाला लागणारा त्याच्या तिप्पट-चौपट असतो. एकच रेंच दोन्ही टोकांना अचूक काम देतो का, की दोन वेगवेगळे घ्यावे लागतात? नाना पेठेत याबाबत विचारले, तेव्हा दोन दुकानदारांनी दोन वेगळी उत्तरे दिली.

याला जोडूनच हिशेब मांडून पाहिला आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा वेगळा निघाला. पाने आणि सॉकेटचा बरा संच, टॉर्क रेंच आणि मागचे चाक उचलण्यासाठी पॅडॉक स्टँड, कारण मेन स्टँड नसलेल्या गाडीची चेन एकट्याने फिरवून साफ करणे फार त्रासाचे आहे, हे सगळे धरून साधारण सात हजार रुपये होतात. उलट, पाना हातात न धरताही केवळ चेन, धुणे-पॉलिश आणि डिकार्बनायझेशन या तीन बाबी जॉब कार्डवरून आधीच कमी करून घेतल्या, तर ८५० रुपये मजुरी आणि तिच्यावरचा १५३ रुपये कर, म्हणजे प्रत्येक सर्व्हिसिंगमागे १,००३ रुपये वाचतात. ऑइलसह सगळे घरी केले, तर त्यावर आणखी १,१२१ रुपये वाचतील, आणि वर्षाला दोन-तीन सर्व्हिसिंग धरल्या, तर हत्यारांचे पैसे वसूल व्हायला अडीच-तीन वर्षे लागतील. म्हणजे ऑइल घरी बदलण्याचा निर्णय बचतीसाठी घ्यावा असा नाही. काम डोळ्यांदेखत व स्वतःच्या हाताने झाले, याचे समाधान हवे असेल तरच तो घ्यावा. मला ते समाधान हवे आहे. आमच्या सोसायटीतील तिघा-चौघांनी मिळून हत्यारे घ्यावीत असाही विचार चालू आहे. अशी सामाईक व्यवस्था कोणी चालवली असेल, तर तिचा अनुभव जरूर लिहावा. त्याच ओघात एक प्रश्न राहतो तो काढलेल्या काळ्या ऑइलचा. ते गटारात किंवा मातीत ओतणे मला मान्य नाही, आणि कायद्यानेही वापरलेले ऑइल घातक कचऱ्यातच मोडते. पुण्यात ते डब्यात भरून नेऊन कोणाकडे द्यावे? एखादे गॅरेज ते स्वीकारते का?

आता वॉरंटीविषयी. माझ्या समजुतीप्रमाणे चेन-सेट, ब्रेक शू, डिस्क पॅड, क्लच प्लेट, केबल यांसारखे झिजणारे भाग तिच्यात येतच नाहीत. ती उपयोगी पडते ती इंजिनातील किंवा इंजेक्शन यंत्रणेतील मूळ दोषासाठी. तरीही वेळापत्रकाप्रमाणे अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग झालेली असणे, ही अट पुस्तिकेत छापलेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता आणि बाहेरच्या गॅरेजात काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही त्या आदेशात म्हटले होते. तो आदेश चारचाकींच्या कंपन्यांपुरता होता आणि नंतर त्यावर न्यायालयात वादही झाले. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनेही घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. दुचाकीच्या एखाद्या मालकाने घरी ऑइल बदलून, बिले जपून ठेवून, नंतर वॉरंटीचा दावा केला आणि तो मान्य किंवा अमान्य झाला, असे प्रत्यक्ष उदाहरण कोणाला माहीत आहे का? तसेच टॉर्कचे सर्व आकडे असलेले वर्कशॉप मॅन्युअल कंपनीकडून रीतसर मिळवण्यात कोणाला यश आले आहे का? मालकाला दिलेल्या पुस्तिकेत ते आकडे मोजकेच आहेत.

तिसरा मार्ग आमच्या भागातील मेकॅनिकचा आहे. वडिलांची कार्ब्युरेटरची शंभर सीसी गाडी याच मेकॅनिकनी वर्षानुवर्षे सांभाळली, टॅपेटचा (इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळच्या फटीचा) आवाज कानाने ओळखून ती फट मोजायला फीलर गेज लावले आणि मजुरी नेहमी वाजवीच घेतली. अशा माणसासमोर उभे राहून काम करून घेण्यात जो विश्वास आहे, तो काचेपलीकडे प्रतीक्षाकक्षात बसून मिळत नाही. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर आलेल्या गाड्यांत इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर आणि बिघाडाचा दिवा आला, आणि तो दिवा लागल्यावर स्कॅनर (बिघाडाचा कोड वाचणारे यंत्र) जोडल्याशिवाय कारण कळत नाही. त्यांच्याकडे स्कॅनर नाही. म्हणून एबीएस, इंजेक्शन आणि पुढच्या डिस्कचे ब्रेक फ्लुइड यांना मी स्वतः हात लावणार नाही. ती कामे केंद्रातच होतील. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषून घेते व साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, आणि माझ्या एकाही बिलावर ते बदलल्याची नोंद नाही, हेही याच निमित्ताने लक्षात आले. केंद्राकडे हे लेखी मागावे की नुसते तोंडी सांगून भागते?

माझा बेत सध्या असा आहे: वॉरंटी संपेपर्यंत ऑइल व फिल्टर केंद्रातच, पण जॉब कार्डवरील प्रत्येक नको असलेली बाब सहीपूर्वी खोडून, चेन आणि किरकोळ कामे आजपासून घरी, वॉरंटीनंतर ऑइलही घरी, टॅपेट मेकॅनिककडे आणि स्कॅनरची कामे तेवढी केंद्रात. यात कुठे चूक दिसत असेल, तर स्पष्ट सांगावे. उत्तर देताना आपली गाडी किती सीसीची आहे, किती किलोमीटर झाली आहे आणि कोणते काम कुठे करून घेता, एवढे लिहिले तर तुलना करता येईल. पुढची सर्व्हिसिंग पंधरवड्यावर आली आहे, त्यामुळे टॉर्क रेंच आणि ब्रेक फ्लुइड या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली तर मोठी मदत होईल.