केमॅलॉकच्या कंसात हातानं गुणाकार करणं आता तरी सोडा

दारव्हा_ड्रायव्हर
केमॅलॉक म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलात, मेमरी मागायचं फंक्शन; किती बाइट हवेत ते त्याच्या कंसात लिहायचं. जिनिंगवरच्या वजनकाट्याला ३२ बिटची लिनक्स पाटी (छोटा संगणक) आहे, काट्याकडून नोंदी घेणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, माझाच. मागच्या हंगामात कापसाच्या गाड्या रांगेत अन् काटा एकाएकी बंद. चालू केला की पुन्हा बंद. संध्याकाळी सापडलं. केबल उंदरानं कुरतडलेली, नोंदींची संख्या १ यायची तिथं २६,८४,३५,४५७ आली. एकच बिट उलटला होता. नोंद १६ बाइटची, कंसात मी लिहिलेलं 'एन गुणिले साइझऑफ', म्हणजे नोंदींची संख्या गुणिले एका नोंदीचे बाइट. उत्तर ४,२९,४९,६७,३१२, पण ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ ला मोजणी शून्यावर येते. उरले १६. केमॅलॉकनं तेवढेच दिले अन् लूप दुसऱ्या नोंदीपासून शेजारच्या मेमरीत लिहीत सुटलं. गुणाकार स्वतः तपासून करणारं केमॅलॉक_ॲरे वापरलं असतं तर नल, म्हणजे 'मेमरी नाही' असं उत्तर, मिळाला असता, ती नोंद टाकून काटा चालू राहिला असता.

पुसद_सी
चूक गुणाकाराची काहून म्हणता भाऊ? संख्या तपासलीच नाही, ती चूक. काट्यावर एका वेळी ५०० च्या वर नोंदी येत नसतील तर दारातच अडवा. अन् एन १ लाख आला असता तर? गुणाकार ३२ बिटांत बसला असता, तुमच्या केमॅलॉक_ॲरेनं हूं की चूं केलं नसतं.

दारव्हा_ड्रायव्हर
तपासणी हवीच, मान्य. पण ती एका फाइलीत, केमॅलॉक दुसऱ्या फाइलीत. दोन वर्षांनी कोणी तपासणी हलवली तर केमॅलॉकची ओळ तशीच राहते, पाहणाऱ्याला संशयही येत नाही.

आर्वी_कर्नल
हेडर अन् त्यामागं लवचिक ॲरे (किती नोंदी ते चालताना ठरतं अशी यादी) असेल तर हाताचा हिशेब आणखी फसतो, गुणाकारही अन् बेरीजही. त्यासाठीच २०१८ मध्ये ४.१८ कर्नलात स्ट्रक्ट_साइझ आलं. हिशेब मर्यादेबाहेर गेला की ते साइझ_मॅक्स, म्हणजे मावेल तो सगळ्यात मोठा आकडा, देतं; एवढी मेमरी मिळतच नाही. कर्नलच्या दस्तऐवजात हातानं केलेला असा हिशेब टाळायच्या यादीत आहे.

पुसद_सी
नव्या कोडात वापरतो, वाद नाही. पण चालत्या जुन्या ड्रायव्हरमध्ये शेकडो ओळी बदलायच्या, अन् जुन्या कर्नलवर दुरुस्ती नेताना पॅच (बदलाची फाइल) बसत नाही. ते निस्तरतो मी. दोन्ही आकडे स्थिर असतील तिथं तर बिलकुल हात लावू नका, तो हिशेब कंपायलरच करतो.

दारव्हा_ड्रायव्हर
स्थिर आकडे सोडून देऊ. पण संख्या तारेवरून, कार्डावरून किंवा यूजरकडून येते ती ओळ जुनी असली तरी बदलाच. माझ्या ड्रायव्हरात अशा चार निघाल्या.