बायपासनंतर थंडी जास्त वाजते? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

जुळे सोलापूर, मुलगी:
अप्पांची बायपास उन्हाळ्यात झाली. जखमा भरल्या, चालणं वाढलं, पण थंडी पाठ सोडत नाही. मे महिन्यात पारा ४२च्या वर असताना ते पंखा बंद करायला सांगायचे. आता गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा) जवळ आलाय, तर दुपारच्या उन्हातही स्वेटर उतरत नाही. बोटं गार, नखं फिकट. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलॉल चालू आहे. येणारा-जाणारा म्हणतो, "रक्त पातळ झालंय की, म्हणून थंडी वाजलालीय. गोळी कमी करा." या शेवटच्या वाक्याची मला धास्ती वाटते. तुमच्या घरी काय तपासलं, फरक कशानं पडला?

अशोक चौक, स्वतःची बायपास:
आयुष्य यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलं, उकाडा अंगवळणी पडलेला. ऑपरेशननंतर मात्र चादरीवर चादर घ्यायचो. मुलाला वाटलं, वय झालं. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी, लिहून दिली. हिमोग्लोबिन ९च्या आत. ऑपरेशनमध्ये रक्त जातं, नंतर जेवण जात नाही, मग ते भरून यायला वेळ लागतो. लोहाच्या गोळ्या दिल्या. चहासोबत घेऊ नका म्हणाले. हिमोग्लोबिन चढत गेलं तशी एक चादर पुरायला लागली. वजनही बरंच उतरलं होतं. अंगावर मांस नसलं की थंडी जास्त बोचते, हे त्यांनीच सांगितलं.

अक्कलकोट रोड, मुलगी:
माझ्या आईची हृदयातली मायट्रल झडप बदललीय, धातूची बसवलीय. एसिट्रॉम, म्हणजे गुठळी होऊ न देणारी गोळी, जन्मभर. आई विड्या वळते. पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं, सगळं बोटांच्या टोकांवर, आणि पहाटे नेमकी तीच टोकं पांढरी पडून बधिर व्हायची. "बोटं माझी नाहीतच," म्हणायची. ऐकवत नसे. हिमोग्लोबिन ठीक निघालं. मग डॉक्टरांनी गोळ्यांची अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लावली आणि मेटोप्रोलॉल बाजूला काढली. ठोके आवरणाऱ्या या गोळीनं हातापायांकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. त्यांनी डोस उतरवला, हळूहळू बोटं मोकळी झाली. घरच्या घरी हे करू नका. ही गोळी एकदम थांबवली तर ठोके आणि बीपी उसळतात. एसिट्रॉमला तर हात लावायचाच नाही. धातूच्या झडपेवर गुठळी धरली तर जिवावर बेततं. तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलाय. हिवाळ्यात मेथी-पालक स्वस्त झाले की रोज तीच भाजी व्हायची आणि आयएनआर खाली यायचा. भाजी सोडली नाही, आता दर आठवड्याला सारखीच ठेवतो.

विजापूर रोड:
ठोके अनियमित झाले म्हणून बाबांना अमिओडॅरोन होती. थंडी, सुस्ती, पोट साफ नाही. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वाढलेला निघाला. त्या गोळीत आयोडीन भरपूर, त्यानं थायरॉइड मंदावू शकतं. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर बरे आहेत.

सात रस्ता, औषध दुकान:
या गोळ्यांनी रक्ताचं पाणी होत नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाहीत. एसिट्रॉम, वॉरफेरिनमुळे गुठळीला लागणारे घटक यकृतात नीट तयार होत नाहीत. एवढ्यानं थंडी वाजत नाही. पण आतून कुठे रक्त झिरपत राहिलं तर ते कमी होतं आणि मग वाजते. या गोळ्यांवर दुखण्याची गोळी घेतली की असं झिरपण्याचा धोका वाढतो, म्हणून कंबरदुखीची गोळी मागणाऱ्याला मी आधी विचारतो, हृदयाचं काही चालू आहे का?

बाळे, मुलगा:
वरच्या उत्तराला दुजोरा. वडिलांना थंडीसोबत जिना चढताना दम लागायचा आणि शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं. लोहाच्या गोळीनंही काळं होतं, पण ती त्यांना चालूच नव्हती. त्याच दिवशी दाखवलं. जठरात अल्सर निघाला, रक्त चढवावं लागलं. असं दिसलं तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका.

जुळे सोलापूर, मुलगी:
सगळ्यांचे मनापासून आभार. सीबीसी आणि टीएसएच उद्याच करतो, मेटोप्रोलॉलचं वहीत लिहून घेतलंय. अप्पांना शुगरही आहे. रात्री पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली तर चालेल का?

अशोक चौक:
नको, ताई. शुगरमध्ये पाय बधिर असले तर चटका कळत नाही, फोड येतो आणि जखम चिघळते. पाय कोरडे करून लोकरी मोजे घाला, इलॅस्टिक सैल असलेले.